यंदा बर्फावर खुणा नाहीत

तोर्नियो, २७ ऑक्टोबर

प्रिय एल्मेर,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तुझ्या छातीत धस्स झालं असेल, म्हणून आधी तेच सांगते: कुणी गेलेलं नाही. आम्ही सगळे बरे आहोत आणि तूही बरा असशील असं धरून चालते.

नदीला आमच्या फिनलंडच्या काठाशी अजून बर्फ धरलेला नाही. सकाळी कडेला पातळ पापुद्रा येतो, दुपारी विरघळून जातो. राइमो कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून घरभर गळ आणि गळाला बांधायची पिसं पसरून बसतो. "मासा कधी आणणार?" असं बायकोने विचारलं तर म्हणतो, "मासा हा मुख्य मुद्दा नाही." माझा गुडघा बदलून झाला. डॉक्टर म्हणतात भरपूर चाला, पण स्कीचं नाव काढू नका. म्हणजे मी आता खरीखुरी शहरातली बाई झाले. तू आधीपासूनच तसं म्हणायचास.

फोन केला होता. तुझा फोन बंद असतो. मग म्हटलं पत्र लिहावं, आईसारखं. ऑफिसच्या फोनवरून आणि संगणकावरून हल्ली मला तुझ्याशी बोलायचंही नाही, पण ते राहू दे.

कामाचं तू विचारणार नाहीस, तरी सांगते. तेच चालू आहे, तिन्ही देशांचं मिळून. नॉर्वेचे पैसे, स्वीडनचे आकडे आणि राबायला फिनलंडची माणसं, असं फोल्के म्हणतो. फोल्के तुमच्या स्वीडनच्या बाजूचा, लुलेओचा. आकड्यांत हुशार आणि घड्याळात ढ. बैठकीला तासभर उशिरा येतो आणि तुमचं घड्याळ आमच्याहून एक तास मागे, म्हणून वर म्हणतो, "माझ्या देशात अजून वाजायचे आहेत." आमची प्रमुख गुनवोर, ती ट्रोम्सोहून येते. ती म्हणते, "फोल्के, तू तुझ्या देशातही उशिराच येतोस." अशी आमची उत्तरेची एकी.

खेड्यांत एकट्या राहणाऱ्या माणसांचं कसं चाललंय, हा आमचा विषय. आईच्या अंत्यविधीनंतर कॉफीच्या वेळी तू सगळ्यांसमोर म्हणालास, "सिल्वी मोजायला येते, बसायला येत नाही." मी कप आपटून उठले, आणि तेव्हापासून दोन वर्षं आपण बोललो नाही. त्यावर आज भांडत नाही. तुझं अगदीच चूक नव्हतं.

तर, हाल्ली कसा आहे? म्हातारा झाला असेल, पण अजून खारींवर भुंकत असेल ना? यंदा एल्क हरणांच्या शिकारीला टोळीबरोबर गेला होतास का? आणि दारापर्यंतचा बर्फ काढायला ते यंत्र अजून येतं ना हिवाळ्यात? सहज विचारते. वय झालं की माणूस असल्या चौकशा करतो.

दोन ओळी लिही. एक पुरे.

तुझी,
सिल्वी


तोर्नियो, १६ नोव्हेंबर

प्रिय एल्मेर,

तुझं उत्तर आलं नाही. टपाल हल्ली नदी ओलांडायला आठवडा घेतं, असं मी स्वतःला सांगत राहिले. मग आठवडा उलटला आणि पुढचाही गेला.

इकडे सगळं ठीक आहे. पहिला खरा बर्फ पडला. राइमोने एक मासा आणला, बोटाएवढा, आणि त्याचा फोटो मुलींना पाठवला.

मागच्या पत्रात मी ताकाला जाऊन भांडं लपवलं. कुत्रा, शिकार, यंत्र, यातलं काहीही मी सहज विचारलं नव्हतं. आता जे लिहिते ते लिहायची मला परवानगी नाही, म्हणून वाचून झाल्यावर चुलीत टाक.

आमच्याकडे तिन्ही देशांच्या सरकारी नोंदी येतात. त्यात नावं नसतात, प्रत्येक माणसाला नुसता एक क्रमांक असतो आणि एक ओळ. ओळीमागचं नाव शोधणं हा गुन्हा आहे. तो नियम चांगला आहे, त्याचा मसुदा करायला मीही होते. तर जी माणसं आपल्या हाताने गेली, त्यांचा शेवटचा शरद ऋतू कसा होता, हे आम्ही त्या ओळींत पाहिलं. आम्हाला वाटलं होतं दारू दिसेल, आजारपण दिसेल. दिसली ती आवराआवर. शिकारीच्या टोळीतून नाव काढून घेतलं. कुत्रा दुसऱ्याच्या नावावर केला. बर्फ काढायचं यंत्र यंदा नको म्हणून नगरपालिकेला कळवलं. पाहुणा निघताना अंथरुणाची घडी घालून ठेवतो, तसं. फोल्केने तो तक्ता पाहिला आणि त्या दिवशी त्याच्या तोंडून एकही विनोद निघाला नाही.

मग तीच चाळणी आम्ही जिवंत माणसांच्या नोंदींना लावली. बहुतेक खाली पडल्या, काही ओळी वर राहिल्या. त्यातली एक ओळ अशी: स्वीडनच्या काठावरचा पुरुष, साठीच्या आतला, एकटा. घरी आजारी माणसाची सेवा करण्याचा भत्ता मिळायचा, तो दोन वर्षांपूर्वी बंद. शिकारीतून नाव काढलेलं. कुत्रा दिलेला. यंत्र नको. आणि नदीच्या बर्फाला भोकं पाडून जाडी मोजायची, फांद्या रोवून हिवाळ्याचा रस्ता आखायचा, हे सरकारी काम इतकी वर्षं करून या ऑक्टोबरात सोडलेलं.

एल्मेर, आपल्या पट्ट्यात बर्फावर खुणा रोवणारा माणूस एकच आहे. नाव पुसलं की ओळख लपते म्हणे. स्टॉकहोममध्ये लपत असेल. आपल्या वुओमा गावात डाव्या हाताने कॉफी ओतणारा एवढं म्हटलं तरी माणूस कळतो. तीन देशांच्या नोंदी आम्ही उपसल्या आणि मला सापडला कोण, तर माझा भाऊ. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

मी गुनवोरला गाठलं. म्हटलं, "समजा, आपल्यातल्या कुणाला एखादी ओळ ओळखू आली."

ती कॉफी ओतत होती, ती ओततच राहिली. "समजा म्हणू नकोस. पुढे बोललीस तर मला ते लिहून कळवावं लागेल. ती ओळ काढून टाकतील, तुला काढून टाकतील, आणि हे तीन देश एकमेकांना पुन्हा कागदाचा कपटाही देणार नाहीत."

"आणि तो माणूस?"

"कोणता माणूस?" ती म्हणाली. मग तिने उठून दार लावून घेतलं. "सिल्वी, मी मूळची फिनमार्कच्या खेड्यातली आहे. तुला काय वाटतं, मला ओळखीच्या ओळी दिसत नाहीत? मी बघते आणि पुढच्या ओळीवर जाते. वसंतात अहवाल जाईल, मग पुढच्यांचे जीव वाचतील."

"पुढच्यांचे."

"हो, पुढच्यांचे. आपलं काम तेच आहे गं."

ती वाईट बाई नाही. पण मी तिच्या खोलीतून निघाले तेव्हा मला पहिल्यांदा आमच्या त्या तक्त्याची भीती वाटली.

मग मी आउनेला फोन केला. तुझी शेजारीण, तिला तरी खिडकीतून तुझं घर दिसतं. म्हटलं, एल्मेर कसा आहे?

"त्याला काय धाड भरली आहे? उलट माणसात आलाय," आउने म्हणाली. "माझं सगळं सरपण फोडून रचून दिलंन. तुझ्या बापाने नेलेली आमची शिडी परत आणून दिली, इतक्या वर्षांनी. मी म्हटलं, आता कशाला रे, चढणारं कोण आहे इथे? तर हसला."

"हसला?"

"हसला म्हणजे चांगला हसला. बसला, आपल्या रीतीप्रमाणे कॉफीत चीज बुडवून खाल्लं. हाल्लीला शेजारच्या रुनारकडे ठेवलाय. म्हणाला, त्याला पोरांची सवय लागू दे."

"आउने, तू त्याला काही विचारलंस का?"

"काय विचारायचं? माणसाला त्याच्या शांततेत राहू द्यावं. मी काय दक्षिणेतली आहे का, दुसऱ्याच्या चुलीत नाक खुपसायला?"

ती खूश होती रे. तुझ्याबद्दल इतकं चांगलं बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. फोन ठेवल्यावर मी जिन्यातच बसले. राइमो बाहेर आला, त्याने विचारलं काय झालं, आणि मी म्हटलं, एल्मेर आउनेकडे हसला. त्याला काहीच कळलं नाही.

तू चिडशील. बहिणीने सरकारी नोंदींतून आपल्यावर पाळत ठेवली, असं म्हणशील. चिड. पत्र लिहून चार शिव्या घाल, मी ते पत्र फ्रेम करून लावीन. पण रविवारी फोन चालू ठेव. मला तुला एक गोष्ट विचारायची आहे आणि ती कागदावर उतरत नाही. दोनदा लिहिली आणि दोनदा खोडली.

रविवारी मी घरीच आहे, दिवसभर.

तुझी,
सिल्वी


वुओमा, तुझ्या स्वयंपाकघरातून
३ डिसेंबर

एल्मेर,

हे पत्र रुनार घेऊन येणार आहे. तो बाहेर स्कीच्या पट्ट्या आवळतो आहे, म्हणून पटपट लिहिते. अक्षर वाईट आहे, समजून घे.

रविवारी फोन लागला नाही. मी आणखी थांबले, हे मला आयुष्यभर पुरेल. थांबले कारण तू दोन दिवसांनी लावशील, चार दिवसांनी लावशील, आणि माणसाच्या मागे किती लागायचं. आउनेला दोष देते, पण मीही त्याच गावची. आपल्याकडे माणूस बुडत असला तरी त्याने हात वर केल्याशिवाय ओढायचं नाही, ओढलं तर आगाऊपणा.

काल गुनवोरकडे गेले आणि म्हटलं, "समजा नाही. माझा भाऊ आहे." तिने हातातली फाइल मिटली. मग म्हणाली, "मला हे लिहावं लागेल." मी म्हटलं लिही. निघताना तिने मला मिठी मारली आणि माझं कार्यालयाचं कार्ड मागून घेतलं. दोन्ही एकाच वेळी.

आज सकाळी राइमोने गाडी काढली. पूल ओलांडून स्वीडनच्या काठाने आम्ही वर आलो. मला गप्प बसवेना, म्हणून वाटभर त्याला गळांबद्दल विचारत राहिले.

तुझ्या अंगणात आलो तर दाराला बाहेरून झाडू टेकवलेला. आउने कुंपणाशी उभी होती. "कुठे निघालीस?" ती म्हणाली. "झाडू दिसत नाही का? घरी नाही तो."

"कधीपासून?"

"झाला असेल आठवडा."

"आणि कुणी आत डोकावलं नाही?"

"झाडू असताना?" तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चोरीच करायला निघाले आहे. मग माझ्या चेहऱ्यावर तिला काय दिसलं कोण जाणे, तिने शालीचं टोक तोंडाला लावलं. "त्याने झाडू ठेवला होता गं," ती पुन्हा म्हणाली, अगदी हळू. "आम्ही रोज बघत होतो. ठेवलेला होता ना."

खोटं कशाला बोलू, माझाही हात थबकला. तीन देशांचा नियम मी मोडून आले होते, पण या झाडूपुढे हात उचलेना. झाडू दाराला टेकवलेला असला की आत जायचं नाही, हे आपल्याला चालायला यायच्या आधी कळतं. शेवटी राइमो मागून म्हणाला, "सरक. मी तुर्कूचा, दक्षिणेतला आहे, मला पाप लागत नाही." आणि त्याने तो उचलून बाजूला ठेवला.

आत तू असशील असं मला वाटलं होतं. काय अवस्थेत, ते लिहीत नाही. दाराच्या मुठीला हात लावल्यापासून झोपायच्या खोलीत डोकावेपर्यंत मी श्वास घेतला नाही. तू नव्हतास. घर लख्ख होतं. फ्रिज पुसून, दार उघडं ठेवलेलं. आईच्या खोलीतले पडदे धुऊन पुन्हा लावलेले. टेबलावर माझी दोन्ही पत्रं, फोडलेली आणि पुन्हा नीट घडी घातलेली. तू वाचलीस म्हणून मला आनंद झाला आणि लगेच भीतीही वाटली, कारण वाचूनही तू गेलास.

मदतीला फोन लावला. माझ्या फोनने नदीपलीकडचा मनोरा पकडला, म्हणून फिनलंडच्या बाईने उचलला. तिने स्वीडनला जोडून दिला. तिकडचा मुलगा सभ्य होता. "त्यांनी काही बोलून दाखवलं आहे का?" नाही. "चिठ्ठी?" नाही. "मग तुम्हाला असं का वाटतं?" मी काय सांगणार? शेजारणीचं सरपण रचून दिलं म्हणून? शिडी परत केली म्हणून? तरी सांगितलं, एकेक करून सगळं. त्याने सगळं टिपून घेतलं. मग म्हणाला, "गाडी पाठवतो. पण धुक्यात हेलिकॉप्टर निघत नाही, आणि रस्त्याने पोहोचायला रात्र होईल."

तेवढ्यात रुनार आला. आउनेने पाठवला. तो म्हणाला, "तळ्यापलीकडच्या त्याच्या खोपटातून काल धूर निघत होता. आज सकाळीही होता. बारीक, पण होता."

त्या धुरासाठी मी रुनारचे हात धरले. तो बिचारा अवघडला.

"मग बर्फावरची स्कूटर काढ," मी म्हटलं. "मला मागे बसव."

"तळ्यावरून? बर्फ कुठे धरतो आणि कुठे नाही, हे आम्हाला एल्मेर सांगतो. यंदा त्याने ना नदी पाहिली, ना तळं. वाऱ्याने वर बर्फ पसरलाय, खाली काय आहे कुणाला ठाऊक?" तो जंगलातून वळसा घालून स्कीवर यायचं म्हणतो, एकटा. मी हट्ट धरला तर म्हणाला, "त्या गुडघ्याने? मग परत येताना मला दोघांना ओढून आणावं लागेल, सिल्वी."

दोघांना म्हणाला. म्हणजे तुला आणणार आहे हे त्याने धरलंच आहे. त्या एका शब्दावर मी इथे बसले आहे.

आता ते विचारते, जे दोनदा खोडलं होतं. आमच्या कामाचा एक भाग म्हणजे गावोगावच्या परिचारिकांना आणि पाद्र्यांना शिकवणं. आम्ही सांगतो, आडून विचारू नका, सरळ शब्दांत विचारा. विचारल्याने कुणाच्या मनात ते नव्याने येत नाही, असलंच तर बोलायला वाट मिळते. ती सूचना तीन भाषांत छापली आहे आणि मूळ मजकूर माझा आहे. तुला मात्र मी कुत्रा विचारला, शिकार विचारली, यंत्र विचारलं. हे विचारलं नाही, कारण तू "हो" म्हणालास तर मी काय करू, हे मला माहीत नव्हतं. अजूनही नाही.

एल्मेर, तू जीव द्यायचं ठरवलं आहेस का?

असेल तर हो म्हण. रुनारला म्हण. त्याला मी सगळं सांगितलं आहे, तो दचकणार नाही. उपदेशही करणार नाही. त्याने सॉसेज आणि कॉफी घेतली आहे, तो स्कूटरच्या इंजिनाबद्दल बोलत बसेल, आणि तू शिव्या दिल्यास तरी तुला तिथे एकटं सोडून परत येणार नाही. पोलिसांची गाडी आली तर त्यांना मी सांभाळते. तुला कुणी ओरडणार नाही. मीही नाही.

आईला तू चार वर्षं एकट्याने सांभाळलंस. रात्री उठवून बसवलंस, जेवू घातलंस, धुतलंस. ती गेली तेव्हा आम्ही सगळे म्हणालो, सुटला बिचारा, आता त्याला शांतता. आता तुझ्या दिवसाचं काय, हे कुणी विचारलं नाही. आम्ही तुला शांतता दिली आणि निघून गेलो. मला राग येतो, एल्मेर, आमच्या सगळ्यांचा, आणि तुझाही येतो, कारण तू हसत हसत सगळं आवरलंस आणि आम्हाला ते चांगलं लक्षण वाटलं.

मला तू हवा आहेस. आपल्या घरात असं कुणी म्हणत नसे, म्हणून मला म्हणता येत नाही, पण लिहिता येतं. वसंतात अहवाल निघेल, माझ्याशिवाय. त्यात तुझी ओळ एका रकान्यात असेल. कुठल्या, ते अजून लिहिलेलं नाही. ते लिहायच्या आत रुनार तुझ्या दारात पोहोचावा, एवढंच मी मागते. कुणाकडे मागते ते ठाऊक नाही.

रुनार हाक मारतो आहे. उजेड थोडाच उरलाय. खिडकीतून तळ्याच्या बाजूला नुसतं धुकं आहे, धूर असला तरी इथून दिसत नाही. तरी मी तिकडेच बघते आहे.

न बोलावता आलेली, आणि तू दारात उभा राहीपर्यंत इथून न हलणारी,
तुझी बहीण
सिल्वी